कोयतीचा घाव आणि फुरशाचा दंश

मृगाच्या सरी कोसळल्या की चढणीचे मासे आणि खेकडे धरायला रात्री बॅटरी, कोयती घेऊन पऱ्याकाठी जाणाऱ्यांची कोकणात वाण नसते. या मंडळींच्या पिशवीत प्रथमोपचार म्हणून बहुधा एखादी दोरी असते आणि कोणतीही इजा झाली तरी ती करकचून बांधायची, एवढेच त्यांना ठाऊक असते.

शेवाळलेल्या दगडावरून घसरून कोयती पोटरीत घुसली, तर स्वच्छ फडक्याने जखम किमान 10 मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरावी. एवढ्यानेही रक्ताची धार थांबली नाही, तरच जखमेच्या वर 5 ते 7 सेंटीमीटरवर, सांधा टाळून, आवळपट्टी बांधावी. तिच्यासाठी चार बोटे रुंद कापड हवे, कारण बारीक दोरी नसांना इजा करते. कापडात काठी अडकवून ती रक्त थांबेपर्यंत पिळावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी.

फुरशाच्या दंशात मात्र हीच आवळपट्टी घात करते. जांभ्याच्या सड्यावर दगडांखाली दडणारा हा जेमतेम वीत-दीड वीत लांबीचा साप खवले घासून खरखर करतो खरा, पण पावसाच्या आवाजात ती ऐकू येईलच असे नाही. त्याच्या विषातील विकरे रक्त गोठवण्याच्या प्रक्रियेला अवाजवी चालना देतात. त्यामुळे त्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन हे प्रथिनच संपत जाते आणि पुढे हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागते. दोरीने हे थांबत नाही. उलट विष एकाच जागी कोंडते, रक्तपुरवठा तुटतो आणि तिथले मांस सडण्याचा धोका वाढतो. ब्लेडने चीर देणे तर अधिकच वाईट, कारण ज्याचे रक्त गोठेनासे होत आहे त्यालाच आपण नवी जखम देत असतो. जोडवी, पैंजण, घड्याळ काढावे, पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे.

रुग्णालयात काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर ते वाहिले, तर गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेली असल्याने तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती पिशवीत बाळगण्याची वस्तू नव्हे. ती जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते आणि 108 ला फोन करण्यापुरती रेंज कोणत्या वळणावर येते, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच विचारून ठेवावे.