वन्यजीव क्षेत्र-अभ्यास, खानदेशातील

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील वन्य प्राणी, पक्षी व वनभूमी यांची प्रत्यक्ष जागेवर केलेली पद्धतशीर पाहणी. उत्तरेस सातपुडा, मध्ये तापीचे खोरे व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा असल्याने एकच पद्धत सर्वत्र चालत नाही. यावल (१९६९) व अनेर धरण (१९८६) ही येथील अभयारण्ये होत.

येथील जुन्या नोंदी मुख्यतः नमुना-संग्राहकांच्या, म्हणजे मारलेले प्राणी-पक्षी भरून जतन करणाऱ्यांच्या, आहेत. त्यांत रानपिंगळा या लहान, दुर्मिळ घुबडाचे प्रकरण पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ब्ल्यूइट यांनी १८७२ मध्ये सध्याच्या छत्तीसगढमध्ये मिळविलेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. पुढे १८८०–८४ च्या सुमारास जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून आणखी नमुने गोळा केले. त्यानंतरची एकच नोंद दीर्घकाळ मान्य होती: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांचा गुजरातेतील मांडवी येथील १९१४ चा नमुना. तिच्या भरवशावर पुढील शोध मांडवीकडे वळले व निष्फळ ठरले. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी हा नमुना क्ष-किरणांसह तपासला. तो डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे त्यांनी दाखविले (हा अभ्यास पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला). पुरावे पाहता हे मत निर्णायक मानावे लागते. मांडवी वगळून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर दिल्यावर, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी आढळला. एका चिठ्ठीवरील खोट्या गावाने शोध दशकानुदशके भलतीकडे नेला. नोंदीत ठिकाण, तारीख व निरीक्षक अचूक असण्याला म्हणूनच येथे विशेष मोल आहे. पक्ष्याची प्रजाती (जवळच्या जातींचा गट, genus) हेटेरोग्लॉक्स की अथेनी, हा प्रश्नही चर्चेत राहिला. जनुकीय अभ्यासानंतर अथेनी अधिक ग्राह्य वाटते.

रानपिंगळा दिवसा वावरत असल्याने त्याची पाहणी सकाळी विरळ सागवनात करता येते. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून प्रतिसाद टिपतात. हे तंत्र उपयुक्त असले, तरी विणीच्या काळात वारंवार वापरल्यास जोडी विचलित होते. त्यामुळे ते जपूनच वापरावे. नर-मादी किंवा वयाचा अंदाज केवळ आवाजावरून बांधू नये.

मोठ्या मांसभक्षकांसाठी पूर्वी पावलांच्या ठशांवरून गणना होई. तीत एकाच वाघाचे ठसे माती व चालीनुसार वेगळे दिसत. २००६ पासूनच्या राष्ट्रीय अंदाजात स्वयंचलित कॅमेऱ्यांवर भर आला. वाघाचे पट्टे प्रत्येकी निराळे असल्याने छायाचित्रांतून एकेक प्राणी ओळखता येतो. जेथे कॅमेरे विरळ तेथे विष्ठा, ओरखडे व ठसे यांची नोंद पुरवणी म्हणून राहते. हरणवर्गीय प्राण्यांसाठी ठरावीक रेषेवर चालत दिसलेले कळप व त्यांचे रेषेपासूनचे अंतर मोजतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची पाणवठ्यावरील गणना लोकप्रिय असली तरी ती संख्येचा अंदाज देत नाही, फक्त जातींची उपस्थिती दाखविते. हतनूर जलाशयावर हिवाळी पाणपक्ष्यांच्या गणना होतात.

वनभूमीसाठी चौरस आखून झाडांची जात, घेर व रोपांची संख्या नोंदवितात. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी राखलेले जंगल अशा मापनास योग्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना व्यवस्थापनासाठी अशीच आधारनोंद लागते.