बफेलोतलं जुनं ग्रेन एलिव्हेटर आणि २० टक्के टॅक्स क्रेडिट: अर्ज नेमका कुठे अडकतो

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, बफेलो नदीकाठचं एखादं जुनं ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे धान्याचं ते अवाढव्य कोठार, घेऊन तिथे भाड्याची घरं किंवा ऑफिसं करायची असतील तर दुरुस्तीच्या पात्र खर्चाच्या २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे केंद्र सरकारच्या करातून थेट सूट, मिळतं, तेही एकदम नाही, ५ वर्षांत विभागून. वास्तू उत्पन्न देणारी हवी, स्वतः राहायला घेतली तर चालत नाही. अर्जाचे ३ भाग असतात, इमारत ऐतिहासिक आहे का, काम काय करणार, आणि काम झाल्यावरचा तिसरा. सगळं राज्याच्या प्रिझर्वेशन ऑफिसमार्फत, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंचं जतन बघणाऱ्या ऑफिसमार्फत, नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याकडे जातं.

हे सोपं आहे. अडतं ते फोटोंपाशी. काम सुरू होण्याआधीचे फोटो लागतात, आतून बाहेरून, प्रत्येकावर नंबर आणि तो नंबर नकाशावर दाखवलेला. पण लोक ताबा मिळाला की आधी साफसफाईला लागतात, जहाजातून धान्य उपसणाऱ्या मरीन लेगचा बादल्यांचा पट्टा, कोठ्यांखालची हॉपरं म्हणजे धान्य खाली सोडणारी नरसाळी, जुन्या मोटारी सगळं भंगारात, आणि मग फोटो मागितले की दाखवायला नुसत्या मोकळ्या भिंती. अहो, त्या यंत्रांमुळेच तर ते एलिव्हेटर आहे! गेलेली वस्तू फोटोत येत नाही, म्हणून कृपा करून किल्ली हातात आली त्याच दिवशी कॅमेरा घेऊन जा, झाडू नंतर.

दुसरी गफलत खर्च मोजायच्या २४ महिन्यांची. लोकांना वाटतं मंजुरीच्या तारखेपासून २४ महिने मोजायचे, तसं नाहीये, तो काळ तुम्ही निवडायचा असतो, फक्त ज्या वर्षी इमारत वापरात येते त्या टॅक्स वर्षात तो संपला पाहिजे. त्या काळातला खर्च इमारतीच्या ॲडजस्टेड बेसिसपेक्षा (ढोबळमानाने खरेदीची किंमत, त्यातून जमीन आणि घसारा वजा) आणि ५,००० डॉलरपेक्षाही जास्त हवा. साधा हिशोब, ३ लाखाला घेतलं, त्यात जमीन १ लाखाची, घसारा वगैरे काही नाही, तर २ लाखाच्या वर खर्च दाखवायचा. टप्प्याटप्प्याने काम करणार असाल तर ६० महिने मिळतात, पण टप्प्यांचे प्लॅन काम सुरू व्हायच्या आधी तयार हवेत. नंतर जोडलेले चालत नाहीत, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही याचाच राग येतो.

इमारत खरेदीची रक्कम, नवीन वाढीव बांधकाम, पार्किंग, बागबगीचा यातलं काही २० टक्क्यांत धरत नाहीत.

आणि एक, नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीवर, नाव लागलं म्हणजे इमारत वाचली असं समजू नका. मालकाने स्वतःच्या पैशाने पाडायची ठरवली, फेडरल पैसा किंवा परमिट कुठे नसेल, तर रजिस्टर अडवू शकत नाही. पाडकामाला अडसर असतो तो शहराने दिलेल्या लँडमार्क म्हणजे संरक्षित वास्तूच्या दर्जाचा, तोही पुरेसा पडतोच असं नाही. बफेलोतलंच १८९७ चं ग्रेट नॉर्दर्न एलिव्हेटर शहराचं लँडमार्क होतं, डिसेंबर २०२१ च्या वादळात त्याची उत्तरेकडची विटांची भिंत कोसळली, आणि शहराने तातडीच्या पाडकामाची परवानगी दिली. तेव्हा छप्पर गळतंय, विटा सुटताहेत असं दिसलं तर अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसू नका, फोटो काढा, राज्याच्या ऑफिसला कळवा आणि ताडपत्री तरी घाला.

काँक्रीटच्या कोठीला खिडक्या पाडायचा विचार असेल तर भाग दोन मंजूर होईपर्यंत एक भोकही नको. आधी केलेलं काम तुमच्या जबाबदारीवर, आणि कापलेली भिंत पुन्हा जोडून मिळत नाही.