सही घेण्याआधीचा अभ्यास

माणसांवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा आधी संमतिपत्राचा नमुना पडतो. मला वाटतं, त्याआधी त्याला टस्कीगीचा अभ्यास शिकवावा. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुरू केलेल्या या अभ्यासात ६०० कृष्णवर्णीय पुरुष होते. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता, पण त्यांना एवढंच सांगितलं गेलं, की तुमचं रक्त बिघडलंय. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा त्यावरचा रूढ उपचार झाला, तरी तो त्यांना मिळू दिला नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो, हेच तर बघायचं होतं! १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे अभ्यास थांबला. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ मध्येच आली होती, त्याच विषयावरचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ मध्ये. म्हणजे नियम कागदावर होतेच.

म्हणून तयारी करून घ्यायची ती बोलण्याची. वर्गात एकाने संशोधक व्हावं, दुसऱ्याने रुग्ण. माहितीपत्रक वाचून झालं की ‘समजलं ना?’ असं विचारायचं नाही. त्यावर कुणीही ‘हो’ म्हणतं. ‘आता यात काय होणार आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा,’ असं म्हणायचं. ‘नवीन औषध देऊन मला बरं करणार,’ असं उत्तर आलं, तर सही घ्यायची नाही. प्रयोग आणि उपचार यांची गल्लत झालेली आहे. पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचं. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण याला पर्याय नाही.

नकार ऐकण्याचाही सराव हवा. डॉक्टरांना रुग्ण आणि शिक्षकांना विद्यार्थी सहसा ‘नाही’ म्हणत नाहीत. अशा वेळी विचारणारी व्यक्ती तिसरीच असलेली बरी, आणि मधेच सोडून गेल्यास उपचार किंवा गुण अडणार नाहीत, हे स्पष्ट सांगितलेलं असावं.

माहिती गोळा झाल्यावरची जबाबदारी मात्र विद्यार्थ्यांच्या लक्षातच येत नाही. नाव खोडलं की ओळख पुसली, असं त्यांना वाटतं. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवून दिलं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं बहुधा एकेकटी ओळखता येतील. तेव्हा जन्मतारखेऐवजी वयोगट पुरत असेल, तर तारीख मुळात विचारूच नये.