कांगारू मदर केअर (मराठवाडा)

अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, दिवसातले जास्तीत जास्त तास ठेवण्याची उपचारपद्धती. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे, तर अडीच किलोच्या आतले कमी वजनाचे समजतात. सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले नाही, असे जुनी माणसे अजून सांगतात. प्रत्यक्षात दिवस भरेपर्यंत पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. तिथल्या प्रसूतिरुग्णालयात बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या आणि जंतुसंसर्गाने बाळे दगावत होती. गरिबाघरची तडजोड म्हणून तिच्याकडे बरीच वर्षे पाहिले गेले. तो समज संशोधनाने मोडला. हरियाणातील पलवल आणि फरिदाबाद जिल्ह्यांत दीड ते सव्वादोन किलोच्या ८,४०२ बाळांचा अभ्यास झाला. ज्या घरांत ही पद्धत शिकवली गेली तिथे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले (२०१९). त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत चाचणी घेतली. त्यात बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्याला छातीवर घेतले गेले. या गटात मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के निघाले (२०२१). फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवण्यात आली. संघटनेची २०२२ ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी फार कमी असते, कातडी पातळ असते, म्हणून ते झपाट्याने गार पडते. परभणीकडची डिसेंबरातली पहाट अशा बाळाला झेपत नाही. टोपडे, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच बाळाला आईच्या दोन स्तनांमध्ये उभे धरतात, मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवतात आणि वरून सुती कापडाने बांधतात. गर्भकाळाच्या ३४ आठवड्यांच्या आसपासपर्यंत चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. तोवर पिळून काढलेले दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने देतात. जुन्या घरांतले बोंडले, म्हणजे चोचीची वाटी, हीही याच कामाची. चीक टाकून मध चाटवण्याची रीत मात्र अशा बाळाच्या जिवावर बेतू शकते. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडीही बंद खोलीत धोक्याची: तिच्या धुराने कोवळ्या फुप्फुसांचे हाल होतात.

मराठवाड्यात खरी अडचण आईला बाळाजवळ ठेवण्याची आहे. तालुक्याच्या गावी बाळंतपण होते आणि बाळ अँब्युलन्समधून जिल्ह्याच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात), तिथून कधी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला किंवा नांदेडला जाते. सिझर झालेली आई मागेच राहते. सोबत असतो बाप किंवा आजी. दोघांनाही बाळ छातीवर घेता येते आणि परिणामही मिळतो, पण वॉर्डात सदऱ्याची बटणे काढून बसायला बापे लाजतात. साधा पडदा आणि टेकून बसायची खुर्ची यांनी इथे बराच फरक पडतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चा मुख्यतः औषधे आणि मनुष्यबळाची झाली. लांबचा प्रवास आणि वाटेतला गारठा हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

कमी वजनाची बाळे जन्मतात त्यामागे रक्तक्षय, कोवळ्या वयातले मातृत्व आणि गरोदरपणातली अंगमेहनत ही कारणे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण बीड आणि परभणी जिल्ह्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त आढळले. बीडमधून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत गरोदर बायकाही असतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे थांबता येत नाही.

घरी सोडल्यावर आशाताई जन्मापासून मोजलेल्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येऊन वजन, ताप आणि दूध पाहते. कुटुंब ऊसतोडीच्या फडावर गेले की हा क्रम तुटतो. तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वीज नसली तरी कांगारू पद्धतीचे काही अडत नाही. अडते ते आईच्या वेळेमुळे, कारण तिला मोळ्या वाहायच्या असतात. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी साधारण महिन्याच्या आत व्हावी लागते, नाहीतर अंधत्व येऊ शकते. ती सोय कोपीजवळ नसते, म्हणून तपासणीची तारीख रुग्णालय सोडतानाच कार्डावर लिहून द्यावी लागते आणि मुक्काम ज्या कारखान्याला असेल तिथल्या आरोग्य केंद्रालाही कळवावी लागते.