16 की 4: नॅनोट्यूबच्या इंडक्टन्सचा घोळ

पुण्यात एम.टेक.च्या प्रोजेक्टला कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंची अतिसूक्ष्म पोकळ नळी, घेतली की विद्यार्थी एका आकड्यापाशी हमखास अडकतो. तिचा कायनेटिक इंडक्टन्स (इलेक्ट्रॉनच्या जडत्वामुळे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) मायक्रोमीटरला 16 नॅनोहेन्री धरायचा की 4? गेल्या सत्रात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या नेटलिस्टमध्ये (सिम्युलेशनला दिलेल्या सर्किटच्या वर्णनात) हे दोन आकडे होते, आणि दोघांच्या हातात आपापल्या बाजूचा शोधनिबंध. टपरीवरचा चहा निवला, वाद मिटला नाही.

नॅनोट्यूबचा 1991चा शोध, तिचे 1998चे पहिले ट्रान्झिस्टर सगळ्यांना पाठ असतात. गुंता त्यानंतरचा. 2002-03च्या सुमारास या नळीकडे ट्रान्समिशन लाइन (उच्च वारंवारतेचा सिग्नल वाहणारी तार) म्हणून बघायला सुरुवात झाली. इलेक्ट्रॉनच्या गतीतच ऊर्जा साठते, आणि इथे तो हिस्सा चुंबकीय इंडक्टन्सच्या हजारो पट भरतो. फर्मी वेग (प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग) सेकंदाला 8 लाख मीटर धरला, तर एका वाहिनीला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका वाटेला, 16 येतात. पण धातूगुणी (धातूसारखी वीज वाहणाऱ्या) एकपदरी नळीत दोन बँड आणि दोन स्पिन मिळून चार वाहिन्या समांतर चालतात, म्हणून अख्ख्या नळीला 4. पुढे आकडा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ‘एका वाहिनीला’ हे दोन शब्द वाटेत गळतात, एवढंच.

फरक किरकोळ नाही. 1 मायक्रोमीटरची नळी आणि 100 गिगाहर्ट्झ घ्या. 4 धरल्यास इंडक्टन्सचा अडथळा सुमारे 2.5 किलोओहम, दोन टोकांच्या आदर्श जोडणीचा क्वांटम रोध (निर्दोष नळीतही उरणारा किमान रोध) मात्र सुमारे 6.5. म्हणजे रोधच भारी. 16 धरा, अडथळा 10 किलोओहमवर जातो आणि सिम्युलेशनमध्ये प्रत्यक्षात नसलेलं रिंगिंग (सिग्नलचं हेलकावत राहणं) दिसायला लागतं. वरच्या दोघांपैकी एकाने तेच रिंगिंग ‘निष्कर्ष’ म्हणून लिहिलं होतं.

नळ्यांच्या जुडग्याची तार केली की आणखी एक चूक होते. निवड न करता वाढवलेल्या नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच धातूगुणी निघतात, तरी एका नळीच्या रोधाला आणि इंडक्टन्सला भागाकार सगळ्या नळ्यांच्या संख्येने केला जातो. तांब्याच्या तारेला हरवणारे आलेख असे सहज निघतात.

ट्रान्झिस्टरच्या बाजूला 2007मध्ये स्पाइस या सर्किट सिम्युलेटरवर चालणारं मॉडेल खुलं झालं आणि आपल्याकडच्या प्रोजेक्टना हक्काचं साधन मिळालं. पण टोकाच्या धातूजोडणीचा रोध आणि गेटभोवतीची परजीवी (नको असलेली) कपॅसिटन्स यांचा नीट हिशेब नसला, तर कटऑफ फ्रिक्वेन्सी (जिच्यापुढे ट्रान्झिस्टर सिग्नल वाढवू शकत नाही) कुठल्या कुठे उडते. 2015च्या व्हेरिलॉग-ए या मॉडेल लिहायच्या भाषेतल्या मॉडेलने या दोन्हींना बरीच जागा दिली. माझ्या मते इंडक्टन्सच्या वादात गेलेला वेळ या जोडणीला मिळायला हवा होता.

शिवाय एकट्या नळीचा रोध किलोओहममध्ये आणि मोजयंत्रं 50 ओहमची, त्यामुळे मॉडेल ताडून बघायलाही सोय नव्हती. 2019मध्ये 100 गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली ती वेफरवर रांगेने मांडलेल्या असंख्य नळ्यांच्या ट्रान्झिस्टरनी.