दह्यातून स्मरणशक्ती?

‘९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून रोज दही खा, मुलांची स्मरणशक्ती वाढेल,’ असा मेसेज परीक्षा जवळ आली की हमखास फिरतो. सेरोटोनिन म्हणजे मज्जापेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन. मेसेजचा पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जात नाही. मधला रक्त-मेंदू अडसर ते आत सोडत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतो.

म्हणजे आतड्याचा मेंदूशी संबंधच नाही? आहे. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा एक विशिष्ट वाण दिला. उंदरांची भीती कमी झाली. आतड्याला मेंदूशी जोडणारा व्हेगस हा मज्जातंतू कापल्यावर मात्र तो परिणाम दिसेना. निरोप जातो तो या तंतूवाटे, हे फार मोलाचं निरीक्षण. पण तोच वाण निरोगी पुरुषांना दिला, तेव्हा ना ताण कमी झाला ना स्मरणशक्ती वाढली. हा निकाल २०१७ मध्ये आला, तो मेसेजमध्ये कधीच नसतो.

शिवाय घरच्या विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत, हे कुणी तपासलेलं नसतं, आणि कढी उकळली की तेही मरतात. दही जरूर खावं, पचनाला चांगलं आहे. पण आजीआजोबांचा विसरभोळेपणा वाढत असेल, तर दह्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉईड हेही कारण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.