अळी जन्मण्याआधीच

टोमॅटो चिरला आणि आत अळी निघाली, की हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही. फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा नीट पोहोचतच नाही. ट्रायकोग्रामा या चिमुकल्या कीटकाचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की तो अळी जन्मूच देत नाही.

हा गांधीलमाशीचा लांबचा भाऊबंद, पण आकाराने जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि माणसाला न डसणारा. पतंगाने पानावर घातलेलं अंडं सापडलं की मादी आधी त्याच्यावरून चालते, मिशांनी ठोकून पाहते. हे मोजमाप असतं. अंड्यात आपली किती पिल्लं पोसतील याचा अदमास घेऊन ती तितकीच अंडी आत सोडते. पिल्लं आतला ऐवज खातात, तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं आणि आठवडाभरात त्यातून अळीऐवजी नवे ट्रायकोग्रामा निघतात.

ट्रायकोकार्ड म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली अशीच अंडी चिकटवलेला पुठ्ठा. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात, तीही तांदळातल्या पतंगाची. प्रयोगशाळेत त्याला ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर वाढवतात. धान्याची नासाडी करणारा हा पतंग इथे मात्र कामाला येतो!

कार्ड वाया जातं ते बहुतेकदा वेळ चुकल्याने. अळ्या दिसल्यावर ते लावून उपयोग नाही. अळीला ट्रायकोग्रामा काहीच करत नाही. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग पडू लागले की कार्डाच्या पट्ट्या फाडून पानांच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी लावायच्या. पुढे आठवड्याच्या अंतराने पुन्हा. आणि त्या दिवसांत रासायनिक कीटकनाशक फवारायचं नाही, नाहीतर विकत आणलेला मित्रच आधी मरतो.

सगळेच मित्रकीटक असे पुन्हापुन्हा सोडावे लागत नाहीत. पपईवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, परदेशातून आला, तेव्हा २०१० मध्ये त्याचे तीन परोपजीवी शत्रू पोर्टो रिकोहून बंगळुरूला आणले. त्यांतला असेरोफॅगस इथेच रुजला आणि आपला आपण पसरत गेला.

ट्रायकोकार्ड लावल्यावर मुंग्यांकडे लक्ष ठेवा, त्या अंडी पळवतात. काही दिवसांनी भिंगातून पाहा. काळ्या अंड्याला बारीकसं गोल भोक दिसलं, तर आतला ट्रायकोग्रामा कामावर गेला.